डावा गुडघा आणि पुढचा घोडा

मला एका जागी बसवत नाही. संपादक म्हणाले, निवांत बसून लिहा. अडचण तिथेच सुरू झाली. हा मजकूर मी धारगळच्या घरी फ्रिजवर कागद ठेवून, उभ्यानं लिहिलाय. मध्येच टाचा उचलतो, मध्येच अंगणात एक फेरी मारून येतो. बायको म्हणते, "लोकांका व्यायाम देऊन देऊन हेका स्वतःक बंद कसा करूचा ताच येना."

मी फिजिओथेरपिस्ट. सकाळी पेडण्याला, दुपारनंतर डिचोलीला. मधला वेळ स्कूटरवर. लोक मला डॉक्टर म्हणतात, फक्त डॉक्टर लोक म्हणत नाहीत. सर्जन हाड जोडतो, शीर शिवतो आणि माणूस घरी पाठवतो. त्या माणसाला परत जिना चढता यावा, विहिरीवरून कळशी आणता यावी, बसमध्ये उभं राहता यावं, ही माझी भाकरी. ह्यात चमत्कार काही नाही. 'अजून एकदा' हे दोन शब्द निरनिराळ्या आवाजांत म्हणता आले की धंदा जमतो. गोड आवाजात, रागावून, आणि शेवटी गयावया करून.

आमच्याकडे येणाऱ्यांना व्यायाम नको असतो, यंत्र हवं असतं. हळर्णच्या एक काकी आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "माका शेक दी, लायट दी, करंट दी. पण पाय उचल म्हणून सांगू नको. पाय उचलूक येय जाल्यार तुझ्याकडे कित्याक येतलंय?"  मी लायट दिली.

आणि माझ्या चुका म्हणाल तर एक सांगतो, म्हणजे पुढचं पचायला सोपं जाईल. पेडण्याला एक टॅव्हर्नवाले, म्हणजे दारूच्या गुत्त्याचे मालक, येत. स्वभावानं अगदी गरीब. मी त्यांच्या गुडघ्याला आठवडाभर मन लावून शेक दिला, पट्ट्या लावल्या, वाटी हलवून दिली. आठवडा संपला तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, हो पाय एकदम बरो आसा. दुखता तो दुसरो."

"अहो, मग पहिल्या दिवशीच सांगायचं!"

"तुमी शिकलेले. म्हटला, हकडून थंय, त्या पायाक, पोचत आसतला."

तर असा मी. अशा माणसाकडे गुरुदास आला.

गुरुदास डिचोलीजवळच्या एका गावचा. खाणीवर ट्रक चालवायचा. वय चाळिशीच्या अलीकडचं, मांड्या खांबासारख्या, बोलणं थोडं. पावसाच्या आधी ट्रकमधून खाली उडी मारताना डावा पाय मातीच्या ढिगात रुतला, अंग वळलं, पाय वळला नाही. आत 'टक्' असा आवाज आला. तो म्हणाला, बाजूला उभा असलेल्या माणसालाही ऐकू गेला. गुडघ्याच्या आत मांडीच्या हाडाला आणि नळीच्या हाडाला आवळून धरणारी एक दोरी असते, लिगामेंट म्हणतात ती. ती तुटली. ती पुन्हा शिवत नाहीत, नवी बसवतात. नवी आणायची कुठून? पेशंटच्याच पायातून. गुरुदासच्या वाटीखाली जो रुंद पट्टा असतो त्यातली मधली फीत काढून सर्जननं आत बसवली. चतुर्थीला गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीची एक दोरी तुटली की आपण दुसरीकडची सोडून तिथे बांधतो, तसंच. फक्त माटोळी लगेच टांगता येते. गुडघ्याची नवी दोरी अंगाला आपली वाटायला बरेच महिने घेते. आणि जिथून फीत काढली ती जागा कधी कधी कुरकुर करत राहते.

गुरुदासची तीच कुरकुर होती. दिवाळी झाल्यावर तो बायकोला, सरिताला, घेऊन डिचोलीला आला. ऑपरेशन झकास, फोटो झकास, सर्जन खूश. पण वाटीच्या खाली बोट ठेवून तो म्हणाला, "हय दुखता. क्लच दाबताना दुखता, देवळाच्यो पायऱ्यो उतरताना दुखता, उकिडवो बसलंय तर जीवच जाता."

"ट्रक चालवायचाय ना? चालवशील."

तो सरिताकडे बघायला लागला. सरिता म्हणाली, "ट्रकाचा नंतर बघूया. घोड्याचा विचारा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या ह्या भागात शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, घोडेमोडणी असते. बांबूचा सांगाडा, पुढे लाकडी घोड्याचं तोंड, मागे शेपूट, रंगीत कापड, वर अबोलीच्या माळा. माणूस मधोमध उभा राहतो, सांगाडा पट्ट्यांनी खांद्यावर टांगतो, डोक्याला फेटा, हातात तलवार, आणि ढोल-ताशावर अनवाणी नाचतो. पाहणाऱ्याला वाटतं, घोड्यावर स्वार बसलाय. घोडे बरेच असतात, पण पुढचा घोडा एकाच घराचा. गुरुदासच्या घराचा. त्याच्या बापानं नाचवला, आज्यानं नाचवला. गेल्या शिगम्याला गुरुदास तापानं फणफणला होता, म्हणून पुढचा घोडा चुलतभावानं, प्रकाशनं, नाचवला. आणि त्या गावात एक बोलून दाखवली जाणारी रीत आहे: एका वर्साक बदली चलता, दुसऱ्या वर्साक मान फिरता.

म्हणजे ह्या शिगम्याला गुरुदास पुढच्या घोड्यात शिरला नाही, तर तो घोडा प्रकाशच्या घरी गेला. कायमचा.

"नाचू शकेन?" गुरुदासनं विचारलं.

मी माझ्या सगळ्यात भारदस्त आवाजात म्हटलं, "मांडीत ताकद आली की दुखणं आपोआप जाईल."

हे वाक्य पुस्तकात आहे. मी ते इतक्या वेळा म्हटलंय की आता मला ते खरं वाटतं. बहुतेक वेळा खरं असतंही. मी त्याला पायरीचे व्यायाम दिले, भिंतीला पाठ लावून बसायला लावलं, एका पायावर उभं केलं. तो दर वेळी यायचा आणि बोट त्याच जागेवर ठेवायचा.

"दुखता."

"घरी करत नसशील."

"करतंय."

"मग कमी करत असशील."

मी वाढवलं. दुखणं वाढलं. मी आणखी वाढवलं. सरिता एकदा म्हणाली, "डॉक्टर, तो अंगणात इतको उठता-बसता, शेजारचे विचारतत, कसलो नवस बोललो काय?" मी हसलो. पण स्कूटरवरून परत येताना अस्नोड्यापर्यंत मला हसू आलं नाही. 

शेवटी मी त्याच्या घरीच गेलो. गुरुदास पलंगावर पाय पसरून बसला होता आणि डाव्या गुडघ्याखाली एक उशी होती. साधी नव्हे. सांवरीच्या कापसाची, सरितानं स्वतः भरलेली, अभ्र्यावर पोपट.

"ही उशी कधीपासून?"

"ऑपरेशनापासून," सरिता अभिमानानं म्हणाली. "एक रात चुकवूक नाय. पायाक कसो आराम मिळता."

मी उशी काढली. त्याला पाय सरळ कर म्हटलं. गुडघ्याखालून माझी बोटं आरपार गेली. पाय पलंगाला टेकतच नव्हता.

आता हे समजावून सांगायला पाहिजे, कारण ह्यात माझी अक्कल किती ते आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की घरचे सगळे विचारतात, किती वाकतो? वाकला की टाळ्या. सरळ किती होतो, हे कुणी विचारत नाही. पण पुरता सरळ न होणारा गुडघा दिवसभर किंचित वाकून चालतो, आणि वाकून चालणाऱ्या गुडघ्याची वाटी दिवसभर घासते. दुखणार नाही तर काय? उशी गोड लागते, कारण वाकलेला पाय सुखावतो. त्या सुखातच तो आखडतो. माझ्या डिचोलीच्या क्लिनिकात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'गुडघ्याखाली उशी ठेवू नका.' त्याच भिंतीला पाठ लावून मी गुरुदासला इतके दिवस बसवत होतो. त्याचा पाय सरळ होतो का, हे मी फक्त नजरेनं बघितलं होतं, तेही तो ढगळ पँट घालून आला असताना.

"उशीन दुखता?" सरिताचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, "उशी टाकू नका. जागा बदलू. टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी सोडा."

त्या दिवसापासून पोपट टाचेखाली गेला. पाय हळूहळू सरळ व्हायला लागला, दुखणं उतरायला लागलं. क्लच जमायला लागला. मी परत पहिल्यासारखा शिट्टी वाजवत स्कूटर चालवायला लागलो. पण दुखणं पुरतं गेलं नाही. एका ठिकाणी येऊन थांबलं, आणि शिगमा जवळ आला.

आता गुरुदासचा एकच प्रश्न उरला, आणि मला त्याचं उत्तर देता येईना. नाचू की नको? मी त्याला एका पायावर उड्या मारायला लावल्या आणि दोन्ही पायांच्या उडीचं अंतर टेपनं मोजलं. डावा थोडा कमी भरला. थोडा म्हणजे किती चालतो? पुस्तकात फुटबॉल खेळणाऱ्यांचं लिहिलंय, घोडा नाचवणाऱ्यांचं कुणी लिहिलेलं नाही. मी सर्जनना फोन केला. ते म्हणाले, "चालेल, पण जपून." हे तीन शब्द जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल म्हणता येतात. मी सकाळी 'हो' ठरवायचो, कोलवाळचा पूल येईपर्यंत 'नको' व्हायचं. नवी दोरी परत तुटली तर? ट्रक गेला, पोट गेलं, दुसरं ऑपरेशन. नाही नाचला तर? त्या घरातून जे जाईल त्याचं ऑपरेशन कुठेच होत नाही.

ह्याच दिवसांत प्रकाश आला. क्लिनिकात शिरून त्यानं टेबलावर ओल्या काजूबियांची पिशवी ठेवली.

"डॉक्टर, तेका नको म्हणून सांगा."

"का?"

"तो माझो भाव. लंगडो झालो तर तेचो ट्रक कोण हाकतलो? मी?"

"आणि पुढचा घोडा?"

त्यानं पिशवी माझ्याकडे सरकवली. "घोडो काय, कोण तरी नाचयतलोच."

मी मनात म्हटलं, आला बघा मुद्द्यावर. काजूबिया मी घेतल्या, सल्ला घेतला नाही. आणि प्रकाशवर चिडून मी त्याच संध्याकाळी गुरुदासच्या घरी 'हो' ह्या बाजूला जाऊन उभा राहिलो. वैद्यकीय निर्णय कसे होतात ते लोकांना ठाऊक नाही, हे बरं आहे.

म्हटलं, आधी घोडा अंगावर घालून नाचून दाखव, मग ठरवू. सरितानं जीभ चावली. घोडे देवळाच्या माळ्यावर असतात आणि शिगम्याच्या दिवसाशिवाय खाली काढत नाहीत. मीही पेडणे तालुक्यातला, मला हे कळायला हवं होतं. मग आम्ही नकली घोडा केला. दोन बांबू, खांद्यावर पट्टे, पुढे नारळांची पिशवी, मागे नारळांची पिशवी. गुरुदास आत शिरणार तेवढ्यात मी म्हटलं, थांब, आधी मी बघतो भार कुठे येतो ते.

मी शिरलो. दोन पावलं बरी गेली. शेजारची माणसं कुंपणाशी जमली. माणसं जमली की माझ्या अंगात येतं. मी एक गिरकी घेतली. मी थांबलो, नारळ थांबले नाहीत. पुढच्या पिशवीनं मला पुढे ओढलं, मागचीनं मागे, आणि मी सरितानं अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांत बसलो.

"गिरकी उलटी घेतली तुमी," गुरुदास गंभीरपणे म्हणाला. तोवर सरिता धावत आली आणि माझ्या गुडघ्याखाली उशी सारली. पोपट मला आता जवळून दिसला.

पण बसल्या बसल्या मला एक कळलं. भार पुढे येतो. वळताना सगळं अंग एका पायावर फिरतं, आणि उडी मारून उतरताना तर विचारायलाच नको. मांडासमोर, म्हणजे शिगम्याच्या ठरलेल्या जागेसमोर, पुढच्या घोड्यानं एक उंच उडी मारून वळायचं असतं. तीच बघायला गाव जमतो. मी गुरुदासला सांगितलं, "नाच. पण उडी नाही. वळायचं ते बारीक पावलांनी. दुखणं वाढलं की थांबायचं."

"हां," तो म्हणाला.

ट्रकवाल्यांचं 'हां' मी ओळखतो. तसंच ते 'हां' होतं. मला झोप येईना. हा थांबणार नाही, दोरी तुटेपर्यंत नाचेल. म्हणून मी आणखी एक शहाणपणा केला. गुरुदासला न सांगता प्रकाशला गाठलं. तो दुसऱ्या घोड्यात, गुरुदासच्या अगदी मागे असणार होता.

"मी गर्दीत पुढे उभा राहीन," मी म्हटलं. "त्याचा पाय ढिला पडतोय असं दिसलं तर पांढरा रुमाल वर करीन. तू पुढे सरकायचं, तो मागे येईल. कुणाला कळणारही नाही."

प्रकाशनं आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. "लोक काय म्हणतले?"

"लोकांना कळायला तर हवं!"

"बरा," तो म्हणाला. "रुमाल."

शिगम्याच्या दिवशी दुपार कलली तशी मांडावर माणूस मावेना. ढोल, ताशे, कांसाळी. गुलालानं हवा लाल. घोडे आले. सगळ्यांत पुढे गुरुदास, लाल फेटा, तलवार. मी पहिल्या रांगेत. सगळा गाव घोडेमोडणी बघत होता, मी एकच गुडघा बघत होतो. टाच टेकते का? टेकते. वाटी आत वळते का? नाही. बारीक पावलं? बारीक. दोन वेळा त्याचं तोंड दुखल्यासारखं झालं, माझा हात खिशात गेला, मी तो बाहेर काढला, परत घातला. शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, "तुमका मुंगयो चावतत काय?"

घोडे मांडासमोर पोचले. ढोल चढला. आणि कुणीतरी मूठभर गुलाल उधळला तो थेट माझ्या डोळ्यांत.

आता माणूस डोळ्यांत गुलाल गेल्यावर काय करतो? मी रुमाल काढला, डोळे पुसले आणि तो झटकला. हात उंच करून, चांगला दोनदा.

डोळे उघडले तेव्हा दुसरा घोडा पुढच्या घोड्याच्या खांद्याला खांदा लावून चालला होता.

 शिगम्याला दुसऱ्या घोड्यानं पुढच्याला मागे टाकायचं म्हणजे काय, हे तिथल्या लहान पोराला पण ठाऊक. एकदम गलका उठला. "अरे, प्रकाशा! हो काय करता?" प्रकाश माझ्याकडे बघत होता, मी दोन्ही हात हलवून 'नको, नको' म्हणत होतो, आणि रुमाल अजून हातातच होता, त्यामुळे तो आणखीच पुढे सरकला.

गुरुदासनं मान वळवली. प्रकाशला बघितलं. त्याचा चेहरा मी त्या आधी कधी तसा बघितला नव्हता. तो दोन ढांगांत पुढे गेला आणि उडाला.

उडी किती उंच होती, ते मला सांगता येणार नाही. मला फक्त डावा पाय वर गेलेला दिसला. हवेतच घोडा वळला. मी 'टक्' ऐकायला कान लावले. तितक्या ढोलांत, तितक्या गलक्यात, मी एक बारीकसा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो. तो उतरला. डाव्या पायावर. गुडघा वाकला, खाली गेला, आणखी खाली गेला, आणि मग वर आला. सरळ. तो पुढे नाचत गेला. गाव ओरडलं. मी शेजारच्या त्या बाईचा खांदा धरून ठेवला होता.

नाच संपल्यावर भाऊबंद प्रकाशवर धावून आले. सरिता सगळ्यांत पुढे. "लाज नाय तुका? भाव आजारी, आनी तू घोडो ओढतंस?"

प्रकाश घोड्यातून बाहेर पडला, घाम पुसला आणि तलवारीचं टोक माझ्याकडे केलं. "तेका विचार. डॉक्टरान रुमाल दाखयलो."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. माझ्या तोंडाला गुलाल, हातात रुमाल. मी म्हटलं, "डोळ्यांत गेला होता..." आणि पुढचं सांगत गेलो. जितकं सांगत गेलो तितकं ते वाईट दिसायला लागलं. गुरुदास फेटा सोडत राहिला. तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. गावात ज्यांचा शब्द शेवटचा ते आबा एवढंच म्हणाले, "फाल्यां सकाळी देवळात येवा. तिघय."

सकाळी देवळात मी, गुरुदास आणि प्रकाश ओळीनं उभे. आजूबाजूला मानकरी, मागे बायका. एका मानकऱ्यानं मुद्दा काढला: पुढचा घोडा क्षणभर का होईना मागे पडला, म्हणजे मान मोडला, आणि गुरुदासचा पाय अजून बरा नाही, हे डॉक्टरच्या रुमालानंच सिद्ध केलं. मग पुढल्या वर्षी काय?

 मी त्या घोड्यासाठी कितीतरी दिवस राबलो होतो, आणि शेवटी माझ्याच हातानं तो जायची वेळ आणली होती. मी बोलायला तोंड उघडलं. आबांनी हात केला.

"गुरुदास. देवासमोर उभो आसंस. पाय दुखता?"

मला वाटलं, हा नाही म्हणेल. मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं. सरितानं डोळे मिटले.

गुरुदास म्हणाला, "दुखता."

कुणीतरी मागून 'च्' केलं.

"काल नाचताना दुखलो?"

"दुखलो."

"उडयेच्या वेळार?"

"तेव्हा जास्ती."

आबा पुढे वाकले. "आनी नाचलंस?"

"नाचलंय."

"मगे झाला," आबा म्हणाले. "नाचलो तेचो घोडो." त्यांनी प्रकाशकडे वळून विचारलं, "तुझा काय?"

प्रकाश खाली बघत म्हणाला, "माका घोडो नको होतो, आबा. माका वाटला, तो पडतलो." मग अंगठ्यानं फरशी घासत, "वायच होयो पण होतो." त्यावर पहिल्यांदा गुरुदास हसला.

मला दंड म्हणून नारळ ठेवायला लावला आणि आबांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाला गावची सगळी खबर देणं; प्रत्येक मागण्यावर लोकांनी होकार भरायचा.

"बा देवा, म्हाराजा, आज तुझ्या पायाकडे ही लेकरां उभी आसत. हेंच्या हातसून काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गुरुदासाच्या पायात जी काय नवी दोरी घातल्यानी हा, ती घट धर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दोन भावांत कोणी फट पाडूक बघीत तर तेका वाट दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इथे बऱ्याच जणांनी माझ्याकडे बघितलं.

"आनी हो जो गुडघ्यांचो डॉक्टर आसा, हेचो हात जाग्यार रव्हंदी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव मोठ्यानं म्हणालं आणि हसलं. माझा होकार सगळ्यांच्या मागून एकटाच निघाला, त्यामुळे आणखी हसले.

ते उरलेलं दुखणं कशाचं, हे मला आजही सांगता येत नाही. फीत काढलेल्या जागेचं असेल, माझ्या पहिल्या दिवसांतल्या व्यायामांचं असेल. गुरुदास परत ट्रक चालवतो. भेटला की मी विचारतो, तो बोट ठेवतो. पण त्या सकाळी, सगळे हात जोडून उभे असताना, तो हसता हसता भार डाव्या पायावर टाकून उभा राहिला. बसची वाट बघताना माणूस उभा राहतो तसा. पाय अगदी सरळ, टाच फरशीला, गुडघ्यामागे बोटभरही फट नाही. त्याच्या ते लक्षातही नव्हतं. मी जोडलेल्या हातांनीच नीट बघायला खाली वाकलो.

प्रकाशनं माझ्या कोपराला धरून मला उभं केलं.

"डॉक्टर," तो गाभाऱ्याकडे मान करून हळूच म्हणाला, "देव थंय आसा."